चित्रात नाही, ते हक्कात नाही

कारखान्यात काम करणाऱ्या आपल्या अनेक बांधवांना कामाच्या ओघात नवे काही सुचत असते. कुणी मशीनला एखादी पट्टी जोडून वेळ वाचवतो, कुणी जॉब धरण्यासाठी नवा क्लॅम्प बनवतो. असे साधन खरोखर नवे असेल आणि त्यावर कायद्याने आपला हक्क सांगायचा असेल, तर पेटंटचा अर्ज करावा लागतो. यंत्र असेल तर त्या अर्जात वर्णनाबरोबर चित्रेही लागतात. या चित्रांकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. म्हणून आज त्यांच्याविषयी, आणि ती काढता काढता मोठ्या झालेल्या एका माणसाविषयी लिहीत आहोत.

लुईस लॅटिमर यांचा जन्म १८४८ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात चेल्सी येथे झाला. त्यांचे आईवडील व्हर्जिनियात गुलाम होते. १८४२ साली ते दोघे पळून बोस्टनला आले. मालक मागावर आला आणि वडील जॉर्ज यांना अटक झाली. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी मोठी चळवळ केली, आणि अखेर ४०० डॉलर मोजून त्यांचे स्वातंत्र्य विकत घ्यावे लागले.

अशा घरातला हा मुलगा कोवळ्या वयात आरमारात गेला. यादवी युद्ध संपल्यावर तो बोस्टनच्या एका पेटंट वकिलांच्या कचेरीत आठवड्याला ३ डॉलरवर पोऱ्या म्हणून लागला. तिथला ड्राफ्ट्समन अर्जांसाठी यंत्रांची चित्रे काढी. लॅटिमर त्याच्या हाताकडे बघत शिकले. त्यांनी जुनी, वापरलेली अवजारे विकत घेतली, पुस्तके मिळवली आणि सराव केला. ‘एखादे चित्र मला काढू द्या,’ असे त्यांनी म्हटले तेव्हा तो ड्राफ्ट्समन हसला. पण हात पाहिल्यावर काम द्यावेच लागले. पुढे त्याच कचेरीत ते आठवड्याला २० डॉलरवर मुख्य ड्राफ्ट्समन झाले.

त्या काळचे अमेरिकन नियम कडक होते. कागद जाड, पांढरा, बरोबर १० बाय १५ इंचांचा हवा. कडेपासून एक इंचावर चौकट हवी. रेषा फक्त पेनाने आणि अगदी काळ्या शाईने काढायची, कारण त्या चित्राच्या छापील प्रती निघत. फिकट रेषा छापात उतरत नसे.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या टेलिफोनच्या अर्जाची चित्रे लॅटिमर यांनी तयार केली. तो अर्ज १४ फेब्रुवारी १८७६ रोजी दाखल झाला. त्याच दिवशी एलिशा ग्रे यांनीही आपल्या टेलिफोनची सूचना त्याच पेटंट कचेरीत दिली होती. ७ मार्च १८७६ रोजी बेल यांना पेटंट मिळाले. त्यावर अनेक खटले झाले, आणि १८८८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेल यांचा हक्क कायम ठेवला. असा वाद उभा राहतो तेव्हा दाखल झालेल्या अर्जात काय लिहिले आणि काय रेखाटले होते, हेच पाहिले जाते. पुढे लॅटिमर यांनी स्वतःही विजेच्या दिव्यांसंबंधी पेटंटे मिळवली. १८८४ पासून ते एडिसन यांच्या कंपनीत होते, आणि पेटंटच्या खटल्यांत तज्ज्ञ म्हणून त्यांची साक्ष होत असे.

आपल्या देशात १९७० चा पेटंट कायदा आणि २००३ चे नियम लागू आहेत. पेटंट कचेरीने चित्रे मागितली तर ती द्यावीच लागतात, आणि दिलेली चित्रे अर्जातील वर्णनाचा भाग मानली जातात. कचेरी मॉडेलही मागू शकते, पण मॉडेल त्या वर्णनाचा भाग ठरत नाही. म्हणजे वस्तू हातात असली तरी हक्काची मोजणी कागदावरूनच होते.

नियम असे आहेत : कागद ए-४ मापाचा असावा. वर आणि डावीकडे किमान ४ सेंटिमीटर, खाली आणि उजवीकडे ३ सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी. डाव्या वरच्या कोपऱ्यात अर्जदाराचे नाव, उजव्या वरच्या कोपऱ्यात एकूण पाने आणि पानाचा क्रमांक, उजव्या खालच्या कोपऱ्यात सही असावी. आकृती स्पष्ट दिसेल इतकी मोठी काढावी.

आय.टी.आय. झालेल्या मुलांनी येथे विशेष लक्ष द्यावे. वर्कशॉपच्या ड्रॉइंगमध्ये प्रत्येक माप लिहायचे, ही आपली शिस्त. पेटंटच्या चित्रात मापे लिहायची नाहीत. माहितीचा मजकूरही लिहायचा नाही. कामाचा क्रम दाखवणाऱ्या आकृतीला तेवढी सूट आहे. प्रत्येक भागाला अंक द्यावा. पाया १०, जबडा ११, पायाने दाबायची दांडी १२, स्प्रिंग १३. मग प्रत्येक आकृतीत आणि वर्णनात त्या भागाला तोच अंक हवा.

अर्ज भरला की तपासणी आपोआप होत नाही. तिची विनंती वेगळी करावी लागते. २०२४ च्या बदलानंतर नव्या अर्जांना त्यासाठी ३१ महिन्यांची मुदत आहे. मग तपासनीस हरकती कळवतो आणि त्यांना सहा महिन्यांत उत्तर द्यावे लागते. मुदतवाढ मागता येते, पण उत्तर दिलेच नाही तर अर्ज सोडून दिला असे धरले जाते. सही राहिली, समास चुकला, माप लिहिले गेले, अशा चुका सुधारता येतात. पण स्प्रिंग मूळ चित्रातही नव्हती आणि वर्णनातही नव्हती, तर ती नंतर त्या अर्जात घालता येत नाही. कायद्याचे ५९ वे कलम त्याला आड येते. आणि शेजारचा कारखाना नेमकी तीच स्प्रिंग वापरू लागला, तर आपल्याला बोलायला जागा उरत नाही.

म्हणून अर्ज भरण्यापूर्वी घरीच एक तपासणी करावी. एकाने वर्णन मोठ्याने वाचावे. दुसऱ्याने, ज्याने ते साधन कधी पाहिलेले नाही अशाने, वाचलेल्या प्रत्येक अंकावर चित्रात बोट ठेवावे. शाळेत जाणारी मुलगीही हे काम करू शकेल. जिथे तिचे बोट अडेल, तिथे चित्र पुन्हा काढावे आणि मगच अर्ज भरावा.