स्वभावाला मार्क

स्वभावाला औषध नाही, असं आमची आजी म्हणायची. औषध अजूनही निघालेलं नाही. मार्क मात्र निघाले आहेत.

आमच्या भाच्याला परवा एका कंपनीनं नाकारलं. पोरगा हिशेबात पक्का. मुलाखतही झकास झाली होती. पण त्याआधी त्याच्याकडून एक लांबलचक प्रश्नपत्रिका भरून घेतली होती. 'लोकांत मिसळायला आवडतं का? १ ते ५ पैकी आकडा निवडा.' पोरानं खरं तेच लिहिलं : २. निकाल आला, 'ग्राहकांशी बोलण्यास अयोग्य'! हाच पोरगा वडिलांच्या आजारपणात तीन आठवडे दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपला आणि अख्ख्या वॉर्डाच्या नातेवाइकांना धीर देत बसला. त्याला प्रश्नपत्रिकेत रकानाच नव्हता.

मग मीही इरेला पेटलो आणि या शास्त्राची पुस्तकं धुंडाळली. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या दोघा अमेरिकनांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचं वर्णन करणारे शब्द वेचले. भरले १७,९५३! (आमच्या घरात माझं काम तीन शब्दांत भागतं, आणि तिन्ही 'वेंधळा'चे भाऊबंद.) पुढे कॅटेलनं गाळून गाळून ते सोळा गुणांवर आणलं, आणि आता बहुतेक विद्वान पाचांवर समाधान मानतात : नावीन्याची ओढ, नेटकेपणा, बहिर्मुखता, जुळवून घेणं आणि जिवाला घोर लावून घेणं. अहो, पिठाच्या गिरणीतसुद्धा एवढी घट येत नाही!

बरं, हे विद्वान तरी प्रामाणिक. ते म्हणतात, हा नुसता सरासरी कल. अमक्या प्रसंगी माणूस काय करील, ते यावरून सांगता येत नाही. वॉल्टर मिशेलनं तर १९६८ साली आख्खं पुस्तक लिहून बजावलं, की वागणं प्रसंगावर फार अवलंबून असतं. कचेरीत डरकाळ्या फोडणारे आमचे साहेब भाजीची पिशवी घेऊन बायकोच्या मागे चालताना ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे पुस्तकाशिवाय कळलेलं आहे.

फोरर नावाच्या प्राध्यापकाची गंमत ऐका. १९४८ साली त्यानं ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं खास वर्णन' म्हणून कागद दिला. वर्णन किती जुळलं? पाचपैकी सरासरी ४.२६! कागद सगळ्यांना एकच होता. बराचसा मजकूर भविष्याच्या पुस्तकातून उचललेला.

तेव्हा माझं भांडण शास्त्राशी नाही. फूटपट्टी घेऊन गहू चाळायला बसलेल्यांशी आहे. आपल्याकडे स्थळ बघताना मुलाला कुणी विचारतं का, 'बाबा रे, तू तापट आहेस का?' शेजाऱ्यांकडे चौकशी करतात. ज्याची नोकरी पणाला लागली आहे, त्यालाच त्याचा स्वभाव विचारायचा आणि उत्तराला शास्त्र म्हणायचं, हा कुठला न्याय? यात खरं सांगणारा गळतो आणि हुशार खोटारडा वर येतो.

काल भाचा नवा अर्ज घेऊन आला. पुन्हा तोच प्रश्न. पेन्सिल हातात धरून त्यानं विचारलं,

"मामा, या वेळी ५ लिहू?"

आयुष्यभर 'खरं बोल' म्हणून कान पिरगाळणारा मी. चष्मा पुसत बसलो.