केंद्र पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका



कापसाची वेचणी होऊन घरात चार पैसे आले की गावोगाव एक नवाच व्यापार सुरू होतो. भिंतींवर पत्रके लागतात, मोबाइलवर निरोप फिरतात : दारू हमखास सोडवू, पिणाऱ्याला न सांगता औषध द्या, आमची गाडी येऊन त्याला घेऊन जाईल. घरात आधीच टेकीला आलेली बायको आणि थकलेला बाप यांना विचार करायला वेळ नसतो. रातोरात पैसे मोजले जातात.

शेतकरी पितो म्हणून कर्जात बुडतो, असे म्हणणाऱ्यांना आम्ही नेहमीच उत्तर दिले आहे. कर्ज मातीमोल भावातून येते, बाटलीतून नव्हे. ते उत्तर आजही कायम आहे. पण ज्या घरात दारू शिरली आहे त्या घराचे तेवढ्याने भागत नाही, त्याला उपचार लागतो. दारूबंदीनेही ते काम होत नाही. वर्ध्यात कित्येक वर्षांपासून, गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदी दुकानाला कुलूप लावते. ज्याच्या शरीराला रोज दारू लागते त्याचा आजार ती बरा करत नाही. दिल्लीच्या एम्सने केलेली देशभराची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाने काही उपचार मिळाल्याचे सांगितले. उरलेल्या ३७ घरांकडे या व्यापाराचे लक्ष आहे.

म्हणून केंद्र निवडताना पाच गोष्टी तपासा.

पहिली, डॉक्टर. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर काही तासांत हात कापू लागतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन-चार दिवसांत माणूस भ्रमात जाऊन बरळू लागतो. उपचार नसेल तर यात जीवही जातो. डॉक्टर किती वेळा येतो आणि रात्री झटका आला तर कोणत्या दवाखान्यात नेता, हे स्पष्ट विचारा. खोलीत कोंडून ठेवणे हा उपचार नाही.

दुसरी, नोंदणी आणि वागणूक. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू व नशेमुळे होणारे मानसिक आजारही येतात. अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या केंद्राची नोंदणी लागते. साखळीने बांधणे, जबरीने मुंडण करणे, बळजबरीने राबवून घेणे या गोष्टींना हा कायदा मनाई करतो. नोंदणीचा कागद मागा. झोपायची जागा, स्वयंपाकघर, संडास स्वतः पाहा. आत जाऊ देत नसतील, भेटू किंवा फोनवर बोलू देत नसतील, तर तिथूनच परत फिरा.

तिसरी, पैसा. महिन्याचे १५,००० रुपये धरले तर तीन महिन्यांचे ४५,००० होतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये ठरला. त्या हिशेबाने हा जवळजवळ सहा क्विंटल कापूस झाला, तोही हमीभाव पदरात पडला तर. म्हणून आधी सरकारी दार ठोठवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. विदर्भाला नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. १४४४६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकांना फी नसते. प्रत्येकाला भरती करावे लागतेच असे नाही, हेही डॉक्टरकडून समजून घ्या. आणि जिथे पैसे द्याल तिथे पावती घ्या.

चौथी, गुपचूप द्यायची पुडी. डायसल्फिराम नावाची गोळी पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. प्रसंगी माणूस दगावतो. म्हणून डॉक्टर ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात. भाजीत कालवलेल्या पुडीत काय आहे, हे कालवणाऱ्या माउलीला ठाऊक नसते. लेबल नसलेल्या पिशवीतले बियाणे आपण रानात टाकत नाही, मग लेबल नसलेली पुडी घरच्या माणसाच्या पोटात कशी टाकायची?

पाचवी, घरी परतल्यानंतरचे काय? डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणाचे उदाहरण घ्या. तिथला मुक्काम साधारण ३५ दिवसांचा. पण घरी गेल्यावरचा पाठपुरावा आणि घरच्या बायकांशी बोलणे हाही तिथल्या उपचाराचाच भाग आहे. मुक्काम म्हणजे नुसती पेरणी. डवरणी, निंदणी पुढे असते. सुटल्यावर कोण भेटणार, किती दिवसांनी, हे ज्या केंद्राला सांगता येत नाही, ते केंद्र आपले नव्हे. शंभर टक्के हमी देणाऱ्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नका. हा आजार उलटतो. उलटला तर माणसाला घराबाहेर काढायचे नसते, पुन्हा उपचाराला न्यायचे असते.

उरलेले काम गावाचे. प्रत्येक शाखेने दोन माणसे नेमावीत, त्यांत एक बाई असावीच. कोणत्याही घराने पैसे मोजण्यापूर्वी या दोघांनी केंद्र आतून पाहावे, पाचही प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लिहून आणावीत. बरा होऊन आलेल्याला दुसऱ्या दिवसापासून शेतावर बरोबर न्यावे. पोळ्याला, लग्नात, निवडणुकीत 'एक घोट घे' म्हणून त्याला आग्रह करणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवावे.

शाखांनी आपण पाहिलेल्या केंद्रांची टिपणे पुढच्या जिल्हा बैठकीत आणावीत. एका गावाने पाहिलेले दहा गावांना कळले, तर या व्यापाराला गिऱ्हाईक मिळणार नाही.