हुनर झाकून ठेवल्याने वाढत नाही

हुनर दुसऱ्याला दाखवला की धंदा गेला, अशी आमच्या बाजारात जुनी समजूत आहे. रंगाचे प्रमाण उस्ताद आपल्या मुलालाही अगदी शेवटी सांगतो. कित्येकदा सांगण्याआधीच डोळे मिटतो आणि ती विद्या त्याच्याबरोबर जाते. कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिणारे कारागीर मात्र याच्या उलट वागतात आणि तरीही त्यांचा धंदा चालतो. तो कसा, हे आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घ्यावे.

'पायथन' ही प्रोग्राम लिहिण्याची एक भाषा. हॉलंडचे गिडो व्हॅन रोसम यांनी अ‍ॅमस्टरडॅमच्या एका सरकारी मदतीच्या संशोधन संस्थेत असताना डिसेंबर १९८९ मध्ये तिचे काम सुरू केले आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. २००३ पासून या भाषेचे एक सामायिक कोठारही आहे. हिशेबाची फाईल वाचणे, तारखा मोजणे, बिल छापणे अशा कामांची छोटी अवजारे जगभरचे प्रोग्रामर तेथे आणून ठेवतात. आज ती पाच लाखांहून अधिक आहेत आणि कोणीही ती फुकट उचलावीत.

देणाऱ्याला यात काय मिळते? एक उदाहरण देतो. खातेदारांची यादी क्रमाने लावण्याची एक हुशार रीत टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठी लिहिली. यादीचा जो भाग आधीच क्रमाने आहे तो ही रीत ओळखते आणि तेथे मेहनत वाया घालवत नाही. पुढे जावा या दुसऱ्या भाषेनेही ती उचलली. तेरा वर्षे ती बिनबोभाट चालली. २०१५ मध्ये युरोपातील संशोधकांनी गणिताने तपासून तिच्यात एक बारीक चूक दाखवली. जावामध्ये त्या चुकीने प्रोग्राम बंद पडू शकत होता. पायथनमध्ये तसे घडण्याची वेळ प्रत्यक्षात आली नसती, तरीही तेथे ती लगेच दुरुस्त झाली. ही रीत कोणी तिजोरीत ठेवली असती, तर परक्या माणसांनी तिची चूक फुकट शोधून दिली असती काय?

मग पोट कसे भरते? अवजार फुकट असते. मेहनत, सेवा आणि पत विकली जाते. रोसम यांना पुढे गूगल, ड्रॉपबॉक्स आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी नोकरीवर घेतले. मात्र सर्वांचे नशीब असे नसते. मोठ्या कंपन्या ज्या अवजारांवर कमावतात, त्यांची देखभाल करणारे कित्येक जण बिनपगारी राबतात. हा अन्याय आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही.

खुल्या बाजारात भामटेही शिरतात. २०१७ मध्ये स्लोव्हाकियाच्या सरकारी सुरक्षा खात्याने पायथनच्या कोठारात नावाजलेल्या अवजारांशी मिळत्याजुळत्या नावांचा बनावट माल उघड केला. एखाद्या अक्षराचा फरक करून नक्कल विकण्याचा हा प्रकार आमच्या बाजाराला नवा नाही. म्हणून नाव नीट वाचावे, कोणी बनवले ते पाहावे, आणि हिशेबाच्या खऱ्या वह्यांवर चालवण्याआधी नकलेवर चालवून बघावे.

भिवंडी-मालेगावच्या मागवाल्यांच्या घरची मुले आज कॉम्प्युटर शिकत आहेत. ताण्याला किती सूत लागेल, किती वाया जाईल, उधारी कोणाकडे किती दिवसांची आहे, हे काढणारे चार ओळींचे प्रोग्राम त्यांनी लिहावेत आणि शेजारच्या कारखान्यालाही द्यावेत. गिऱ्हाइकांची यादी आणि खरेदीचा भाव आपल्याजवळच ठेवा. ती तुमची अमानत आहे. पण हिशेबाची रीत दिल्याने कोणाचे गिऱ्हाईक जात नाही. उलट तिच्यातली चूक शेजारी दाखवून देईल आणि नुकसान होण्याआधी ती सुधारता येईल.