सौजन्याचे माप : घंटीपासून दीड मीटरपर्यंत

रस्त्यावर सायकलस्वार आणि मोटारचालक यांच्यात वाद झाला की एक सल्ला हमखास ऐकू येतो : दोघांनीही एकमेकांना समजून घ्यावे. सल्ला वाईट नाही; मात्र त्यात दोघे तुल्यबळ असल्याचे गृहीत धरलेले असते. एका बाजूला पंधरा-वीस किलोच्या सायकलवर बसलेला माणूस, दुसऱ्या बाजूला टनभर लोखंड. समजून घेण्यात गफलत झाली तर एकाच्या गाडीला ओरखडा पडतो आणि दुसरा जिवाला मुकतो. अशा विषम जोडीत सौजन्याचा भार कोणी किती उचलावा, या प्रश्नावर ब्रिटनमध्ये दीडशे वर्षे कायदे, वाद आणि माघारी झाल्या. भारतीय वाहतूक कायद्याची घडण बऱ्याच अंशी तिकडूनच आलेली असल्यामुळे तो इतिहास इथल्या वाचकांनाही परका वाटू नये.

प्रारंभी आरोपीच्या पिंजऱ्यात सायकलच होती. मोठ्या पुढच्या चाकाच्या सायकली शांतपणे आणि वेगाने येत; घोडे बिथरत, पादचारी दचकत. १८७९ मध्ये टेलर विरुद्ध गुडविन या खटल्यात इंग्लिश न्यायालयाने सायकल हीदेखील ‘गाडी’च असल्याचे ठरवले, म्हणजे बेफाम गाडी हाकल्याबद्दलची शिक्षा सायकलस्वारालाही लागू झाली. १८८८ च्या स्थानिक शासन कायद्याच्या कलम ८५ ने त्याच्यावर आणखी एक कर्तव्य घातले : पुढची गाडी, घोडा, खेचर किंवा पायी चालणारा माणूस यांना मागे टाकण्यापूर्वी घंटी, शिटी वा अन्य मार्गाने ऐकू जाईल अशी पूर्वसूचना द्यायची.

या कलमामागचा विचार लक्षात घेण्याजोगा आहे. जो वेगवान आहे, जो मागून येतो आणि ज्याच्यामुळे दुसऱ्याला धोका संभवतो, काळजी त्याने घ्यायची. घंटीचा अर्थ ‘मी येत आहे, बिचकू नका’ असा होता. (आजच्या हॉर्नचा अर्थ ‘बाजूला व्हा’ असा झाला आहे. एकाच साधनाचा अर्थ इतका उलटावा, हाही इतिहासच.)

रस्ते सुधारण्याची मागणीही सर्वप्रथम संघटितपणे सायकलस्वारांनीच केली. ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ आणि ‘नॅशनल सायक्लिस्ट्स युनियन’ यांनी १८८६ मध्ये ‘रोड्स इम्प्रूव्हमेंट असोसिएशन’ स्थापन केली, तेव्हा ब्रिटनच्या रस्त्यांवर मोटार नव्हती. खडी, चिखल आणि चाकोऱ्यांविरुद्धची ती लढाई पुढे मोटारींच्या पथ्यावर पडली.

मोटारींवर आरंभी कायद्याचा अंकुश होता आणि तो आकड्यांत सांगितलेला होता. कमाल वेग १८९६ मध्ये ताशी १४ मैल झाला, १९०३ मध्ये २० मैल. ही मर्यादा फार थोडे चालक पाळत. मग १९३० चा रस्ते वाहतूक कायदा आला आणि त्याने हलक्या मोटारींवरील वेगमर्यादा सरळ काढून टाकली. युक्तिवाद असा, की जो नियम कोणी पाळतच नाही तो ठेवून कायद्याची अप्रतिष्ठा कशाला करायची?

आकड्याच्या जागी शब्द आला. त्याच कायद्याच्या कलम १२ नुसार, पुरेशी दक्षता न घेता अथवा रस्त्यावरील इतरांचा वाजवी विचार न करता मोटार चालवणे हा गुन्हा ठरला. विचारशील चालक ही कल्पना अशा रीतीने कायद्याच्या पुस्तकात शिरली. पाठोपाठ १९३१ मध्ये एक पेनी किमतीची ‘हायवे कोड’ ही पुस्तिका निघाली. चालक, सायकलस्वार, पादचारी अशा सर्वांनी सावध आणि समंजस असावे, असा तिचा सूर होता. सज्जन माणसाला वेगाचा आकडा कशाला सांगायचा, असा त्या काळच्या राज्यकर्त्यांचा विश्वास त्यातून दिसतो.

या विश्वासाचा हिशोब मृत्यूच्या नोंदींत सापडतो. १९३० मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३०५ माणसे मेली होती. पुढची दोन वर्षे आकडा थोडा उतरला, पुन्हा चढला आणि १९३४ मध्ये ७,३४३ वर पोहोचला. त्या वेळी देशात मोटार वाहने किती होती? साधारण चोवीस लाख. आज त्याच देशात चार कोटींच्या आसपास वाहने आहेत आणि २०२२ मध्ये रस्त्यांवर १,७११ मृत्यू झाले. दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याखेरीज १९३४ ची भीषणता कळत नाही.

वेगमर्यादा परत आणावी काय, यावर १९३४ मध्ये संसदेत चर्चा झाली. वॉलसीचे खासदार लेफ्टनंट-कर्नल मूर-ब्रॅबझन विरोधात बोलले. ब्रिटनमध्ये वैमानिकाचे पहिले प्रमाणपत्र मिळवलेला, यंत्रांवर प्रेम करणारा हा गृहस्थ. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : सात हजार माणसे मरतात हे खरे, पण हे असेच चालणार नाही, लोक नव्या परिस्थितीला सरावत आहेत. पूर्वी मोटारीखाली कितीतरी कोंबड्या येत, घरी परतताना रेडिएटर पिसांनी भरलेला असे. कुत्र्यांचेही तसेच. आता कुत्री मोटार दिसताच बाजूला होतात. खालच्या प्राण्यांतही शिक्षण असतेच. तेव्हा हा प्रश्न आपोआप सुटेल.

हे बोलणे आज क्रूर वाटते आणि ते आहेच. तरी त्याच्याकडे केवळ एका माणसाचा उद्दामपणा म्हणून पाहणे सोपे ठरेल. १८८८ च्या कलमात मागून येणाऱ्या वेगवान वाहनाने सावध करायचे होते. अर्ध्या शतकाच्या आत भार दुसऱ्या खांद्यावर गेला : मंद आणि दुबळ्या माणसाने शिकायचे, बाजूला व्हायचे, टिकून राहायचे. १८८८ चे ते घंटीचे कलमही १९३० च्याच कायद्याने रद्द झालेले होते. आणि कोंबड्यांचा दाखला देणारे हे मूर-ब्रॅबझन १९४० मध्ये ब्रिटनचे वाहतूकमंत्री झाले.

१९३४ ची चर्चा मात्र ते हरले. १८ मार्च १९३५ पासून वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा लागू झाली. त्याच वर्षी नव्या चालकांसाठी परीक्षा सक्तीची झाली आणि त्याच सुमारास वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांच्या नावाने ओळखले जाणारे नारिंगी गोलकांचे खांब पादचारी ओलांडणीच्या जागी उभे राहिले. १९३५ अखेर मृत्यूंचा आकडा ६,५०२ वर आला. या उपायांपैकी कशाने किती फरक पडला हे वेगळे काढता येत नाही. पण चार-पाच वर्षे नुसत्या आवाहनावर विसंबून जे साधले नव्हते, ते आकडा, परीक्षा आणि रस्त्यावरची खूण यांनी मिळून काही अंशी साधले.

त्याच काळात आणखी एक वाद धुमसत होता, तो सायकलच्या मागच्या दिव्याचा. मोटारचालकांचे म्हणणे, सायकलस्वाराने रात्री मागे लाल दिवा लावावा, म्हणजे तो दिसेल. वरवर पाहता यात गैर काही नाही. तरीही सायकलस्वारांच्या संघटना अनेक वर्षे विरोध करत राहिल्या. चालकाने आपल्या दिव्याच्या प्रकाशात पुढचे जेवढे दिसते तेवढ्यातच थांबता येईल अशा वेगाने जावे. मागच्या दिव्याची सक्ती झाली की न दिसण्याचा दोष मरणाऱ्याच्या माथी येईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२७ च्या कायद्याने दिव्याऐवजी लाल परावर्तकाची मुभा दिली. १९३४ मध्ये मागच्या बाजूला पांढरा पट्टा आवश्यक झाला. महायुद्धातील ब्लॅकआउटमध्ये मागचा दिवा आला आणि १९४५ च्या कायद्याने तो कायम झाला.

दिवा असावा की नसावा, याचे उत्तर आज सरळ आहे : असावा. तो जीव वाचवतो. परंतु सायकलस्वारांची भीती तर्काला सोडून होती, असे म्हणता येत नाही. अपघातानंतर ‘अंगावर चमकणारे जाकीट होते का, हेल्मेट होते का’ असे प्रश्न आधी येतात आणि ‘मोटारीचा वेग किती होता’ हा नंतर, अशी रीत पुढे पडलीच.

वेगळा मार्ग बांधून देणे हा दुसरा तोडगा. लंडनच्या पश्चिमेला वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूवर डिसेंबर १९३४ मध्ये होर-बेलिशा यांच्याच हस्ते काँक्रीटच्या सायकलमार्गाचे उद्घाटन झाले. याचेही स्वागत सायकलस्वारांच्या संघटनांनी केले नाही. मार्ग दिला की मुख्य रस्त्यावरून हुसकावले जाईल, असा त्यांचा संशय होता. इथे त्यांचे धोरण चुकले असे मानायला जागा आहे. चांगले सायकलमार्ग मागण्याऐवजी ते तत्त्वावर अडले. पुढच्या काळात रस्त्यावरचा हक्क कागदोपत्री राहिला आणि रस्ता मोटारींनी व्यापला. १९४९ मध्ये ब्रिटनमध्ये लोकांनी वर्षभरात सुमारे २,३६० कोटी किलोमीटर सायकल चालवली होती. १९७३ मध्ये ते अंतर सुमारे ३७० कोटींवर आले.

मधली दशके इथे ओलांडली तरी चालतील. १९३० चा ‘वाजवी विचार’ १९८८ च्या ब्रिटिश कायद्यातही शब्दशः टिकून राहिला. टिकला नाही तो त्याचा धाक, कारण सायकलला खेटून जाणे, म्हणजे मराठीत ज्याला कट मारणे म्हणतात ते, नेमके कितव्या सेंटिमीटरपासून अविचारी ठरते, हे कोणी सांगितलेले नव्हते.

२०१६ मध्ये वेस्ट मिडलँड्स पोलिसांनी यावर साधा प्रयोग केला. साध्या वेशातील पोलीस सायकलवरून रस्त्यावर निघाले. जो चालक खेटून गेला त्याला पुढे थांबवले. बहुतेकांना तिथेच जमिनीवर पसरलेल्या एका मोठ्या चटईवर सायकल आणि मोटार यांच्यातले अंतर आखून दाखवले गेले; गंभीर प्रकार खटल्यापर्यंत गेले. अनेक चालकांना आपण काय केले हे त्या चटईवरच प्रथम दिसले असणार. दुष्टपणापेक्षा अज्ञान अधिक असते, आणि अज्ञानावर मापाचा उपाय चालतो.

२९ जानेवारी २०२२ रोजी ‘हायवे कोड’ची सुधारित आवृत्ती लागू झाली. रस्त्यावरील ज्याच्याकडून सर्वाधिक इजा होऊ शकते, त्याच्यावर इतरांचा धोका कमी करण्याची सर्वाधिक जबाबदारी, हे तत्त्व त्यात पहिल्याच नियमात आले. १८८८ च्या घंटीमागचा विचार सव्वाशे वर्षांनी परतला म्हणायचा. सायकलस्वारांची कर्तव्ये त्याने संपत नाहीत. सिग्नल तोडणे त्यांनाही माफ नाही. सोबत माप आले : ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात सायकलला मागे टाकताना किमान दीड मीटर अंतर, त्याहून अधिक वेगात त्याहून अधिक. तेवढी जागा नसेल तर मागे थांबायचे. उभ्या मोटारीचे दार, शक्य असेल तेव्हा, दाराकडच्या नव्हे तर पलीकडच्या हाताने उघडायचे, म्हणजे मान आपोआप मागे वळते आणि येणारी सायकल दिसते.

दीड मीटरच का, असे विचारले जाते. सायकल सरळ रेषेत चालत नाही. खड्डा, चेंबरचे झाकण, वाळूचा पट्टा, उघडणारे दार यांना चुकवताना ती हातभर सरकते; अवजड वाहन जवळून गेले की वाऱ्याच्या झोताने डगमगते. तिच्या त्या हेलकाव्यासाठी राखलेली ही जागा आहे.

महाराष्ट्रातील जुन्या सायकल-शहरांनी, विशेषतः पुण्याने, या इतिहासाची एकच बाजू अनुभवली. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला हवा, रात्री दिवा हवा, डबलसीट दिसले की पोलीस चाकातली हवा सोडणार. सायकलस्वाराच्या कर्तव्यांची यादी तपशीलवार होती. त्याला ओलांडून जाणाऱ्याने काय करावे, हे मात्र संस्कारांवर सोडलेले होते.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि अपंग व्यक्ती यांच्या सुरक्षिततेसाठी चालकाने विशेष काळजी घ्यावी, असे स्पष्ट म्हटले आहे. वाक्य उत्तम आहे. पण विशेष काळजी म्हणजे किती अंतर, हे त्या वाक्यात नाही; ते १९३० च्या ‘वाजवी विचारा’चेच भावंड आहे. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि पहाटे कारखान्याची पाळी गाठणारा, दूध वा वर्तमानपत्रे पोचवणारा सायकलस्वार याच रस्त्यांवर असतो. त्याने हौस म्हणून सायकल घेतलेली नसते.

पेठांतल्या अरुंद रस्त्यांवर दीड मीटर आणायचे कुठून, हा आक्षेप ठरलेला आहे. त्याचे उत्तर ब्रिटिश नियमातच आहे : जागा नसेल तर ओलांडायचे नाही. पुढचा चौक येईपर्यंत सायकलमागे चालण्यात जाणारा वेळ सेकंदांत मोजावा लागेल. आणि जिथे जागा मुबलक आहे, अशा महामार्गांवर आणि बाह्यवळणांवर, तर हा आक्षेपच उद्भवत नाही.

चालनाचे विनियम मोटार वाहन कायद्याच्या कलम ११८ खाली केंद्र सरकार करते आणि तेच ते बदलू शकते. त्यासाठी संसदेत नवा कायदा आणावा लागत नाही. विशेष काळजीच्या त्या वाक्यापुढे अंतराचा आकडा घालावा, शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत त्यावर प्रश्न असावा, आणि एखाद्या शहराच्या वाहतूक पोलिसांनी साध्या वेशात सायकलवर निघून एक चटई रस्त्याकडेला पसरून पाहावी.