बांधावरचे जुने झाड आणि आपण



लागणीच्या आणि खोडव्याच्या नोंदी घ्यायला आम्ही शेतकी खात्याची माणसे बांधाबांधाने फिरतो, तेव्हा एक तक्रार हमखास कानावर येते. "साहेब, ह्या वडाच्या सावलीनं चार सऱ्या वाया जातात बघा. काढूनच टाकतो आता."

तक्रार खोटी नाही. उसाला भरपूर ऊन लागते. सावलीत फुटवे कमी येतात, कांडी बारीक राहते आणि झाडाची मुळे पाण्याला वाटेकरी होतात. हे आम्ही नाकारीत नाही. पण हिशेब चार सऱ्यांपाशीच थांबवावा का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आपल्याच जिल्ह्यात, संगमनेर तालुक्यात पेमगिरीचा महावटवृक्ष आहे. त्याचा विस्तार साडेतीन एकरांचा सांगतात. साडेतीन एकर म्हणजे आपल्यातल्या कित्येक सभासदांचा अख्खा ऊस झाला! याच पेमगिरीच्या किल्ल्यावर १६३२-३३ च्या सुमारास शहाजीराजांनी निजामशाहीच्या बाल वारसाला गादीवर बसवून कारभार हाती घेतला होता. १६३६ साली निजामशाही संपली. पुढे १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, पाटाचे पाणी आले, ऊस आला. १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. राज्ये गेली, पिके बदलली, तरी तिथल्या लोकांनी वडाला कुऱ्हाड लावली नाही. सातबाऱ्यावर न चढलेली ही वडिलोपार्जित इस्टेटच म्हणायची.

वडाचे नेमके वय सांगणे कठीण असते. मूळ खोड कुजले तरी पारंब्या जमिनीत रुजून त्यांचीच खोडे होतात. कलकत्त्याजवळ हावडा येथील वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचे मूळ खोड बुरशीने खराब झाल्यामुळे १९२५ साली काढून टाकावे लागले. झाड मात्र पारंब्यांच्या आधाराने आजही उभे आहे. उसाचा खोडवा दोन-तीन वर्षे चालतो, वडाचा शेकडो वर्षे चालतो. अट एकच, पारंबीला जमीन मिळाली पाहिजे.

आता कायद्याचे पाहू. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली शहरी भागाच्या वृक्ष कायद्यात दुरुस्ती करून पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्ष मानले. असे झाड तोडले तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूद केली. पण हा कायदा महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीपुरता. खेड्यात आंबा, चिंच, जांभूळ अशा ठरावीक जातींना १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हे बऱ्याच जणांना ठाऊकही नसते. शहरातल्या बंगल्याच्या बागेतले पन्नास वर्षांचे झाड वारसा ठरते आणि आपल्या बांधावरचे शंभर वर्षांचे झाड सरपण ठरते, हे आम्हांस पटत नाही. सरकार करील तेव्हा करील. बांध आपला आहे, तोवर राखण आपणच करायची.

राखण्यात तोटाच आहे असेही नाही. जुन्या झाडाच्या ढोलीत घुबड राहते आणि ते उंदरावर जगते. उंदीर उसाचे किती नुकसान करतो, हे तुम्हांला आम्ही काय सांगावे! वडाच्या फळांवर पाखरे जगतात, तीच पुढे पिकावरच्या अळ्या टिपतात. तोडणीच्या हंगामात पाथर्डीकडून, बीडकडून आलेल्या मजुरांना आणि त्यांच्या बैलांना दुपारची सावली हेच झाड देते.

म्हणून आमच्या सूचना अशा :

१) झाडाजवळ पाचट पेटवू नका. पाचट जाळूच नये, सरीत कुजवावे, हे आम्ही नेहमी सांगतो. पण बुंध्याशी लागलेली आग जुन्या झाडाला आतून पोखरते.

२) पाराला बुंध्यापर्यंत काँक्रीट करू नका. मुळांना हवा-पाणी लागते. पारंब्या छाटू नका.

३) सावलीतल्या सऱ्यांत उसाचा हट्ट सोडा. तिथे गवत, चारा घ्या किंवा बैलगाडीची वाट ठेवा.

४) ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. २००२ च्या कायद्याने ती ठेवायची आहे. गावातील जुनी झाडे तीत नोंदवून घ्या.

५) वटपौर्णिमेला फांद्या तोडून घरी आणण्यापेक्षा आया-बहिणींनी झाडापाशी जावे. ज्याला दीर्घायुष्य मागायचे त्याचेच हात तोडायचे, हे काही बरे नव्हे.

गटाच्या कार्यालयात ऊसनोंदीसोबत जुन्या झाडांचीही एक यादी ठेवावी, असे आम्हांस वाटते. चिटबॉय शेतावर येतोच, त्याला झाड दाखवा. गेलेल्या चार सऱ्यांचे टनेज पुढच्या लागणीत चांगले बेणे वापरून भरून काढता येईल, त्यासाठी आम्ही आहोतच. शंभर वर्षांचे झाड मात्र कोणत्याही रोपवाटिकेत मिळत नाही. सभासदांनी कुऱ्हाड उचलण्यापूर्वी एवढा विचार करावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी