पिशवी काढण्याआधी थायरॉइड तपासा

पाळी आठ दिवस उलटले तरी थांबत नाही, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं, गाठी पडतात. घरी सांगितलं तर ऐकायला मिळतं, ‘चाळिशी आली, आता असंच व्हायचं.’ दवाखान्यात विचारतात, ‘मुलं झाली ना? मग पिशवी काढून टाकू.’ या दोहोंच्या मध्ये थायरॉइडची एक साधी रक्ततपासणी, टीएसएच, राहून जाते.

२०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार महिलांची पाहणी झाली. सुमारे ८२ हजार जणींपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीमुळे फडात जाता आलं नाही की खाडा पडतो, मुकादम पैसे कापतो. अशा बाईला ‘एकदाची कटकट मिटेल’ हे पटायला वेळ लागत नाही. पण ऑपरेशनआधी त्यांतल्या किती जणींचं टीएसएच कुणी पाहिलं असेल?

स्त्रीबीज सुटलं की त्यामागोमाग प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होतं आणि गर्भाशयाच्या अस्तराची वाढ आवरतं. थायरॉइडसारख्या बिघाडानं बीज सुटलंच नाही तर इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन एकटंच ते अस्तर वाढवत राहतं. पाळी महिना-दोन महिने पुढे जाते आणि मग जाड झालेलं अस्तर तुकड्या-तुकड्यानं सुटू लागतं, दिवसेंदिवस. म्हणून आधी चुकलेली पाळी आणि नंतर न थांबणारा रक्तस्राव, अशी जोडी दिसली की हार्मोनचा संशय घ्यायलाच हवा. पाळी नुकती सुरू झालेल्या मुलींत आणि ती जाण्याच्या आधीच्या वर्षांत हे बरंच आढळतं.

सोबतच्या खुणाही बोलतात. थकवा, वाढतं वजन, न सोसणारी थंडी आणि बद्धकोष्ठ असेल तर थायरॉइड बघा. हनुवटीवर राठ केस, मुरुमं आणि लांबणारी पाळी असेल तर पीसीओएस हा बीजकोशांचा हार्मोनविकार. बाळ अंगावर पीत नसताना दूध येत असेल तर प्रोलॅक्टिन हे दुधाचं हार्मोन. यातल्या बहुतेकांवर गोळ्यांनी किंवा हार्मोन सोडणाऱ्या तांबीसारख्या साधनानं उपचार होतात.

सगळं खापर हार्मोनवर फोडू नये, हेही तितकंच खरं. पाळी तारखेला येते पण खूप जाते, तेव्हा गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठींसाठी सोनोग्राफी लागते. पहिल्या पाळीपासूनच धो-धो जातं आणि नाकातूनही रक्त येतं, अशा मुलीचा रक्त गोठण्याचा दोष तपासावा. पंचेचाळिशीनंतर अस्तराचा तुकडा तपासायला देणं टाळू नये. आणि तासाला पॅड भिजून चक्कर येत असेल, तर दुखणं अंगावर न काढता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

माझी मागणी सरळ आहे. ऊसतोडीची टोळी साखर कारखान्याकडे निघण्याआधी गावातच बायकांचं हिमोग्लोबिन आणि टीएसएच तपासलं जावं, रिपोर्ट त्यांच्या हातात पडावा. आणि ज्या डॉक्टरला पिशवी काढायची आहे, त्यानं आधी कोणत्या तपासण्या केल्या आणि कोणती औषधं देऊन पाहिली, हे केसपेपरवर लिहून सही करावी.