‘बॅटरी गेली’ हे निदान नव्हे!

मागच्या महिन्यात पुण्याहून धाकट्या भावाचा फोन. "दादा, वर्षात दुसरी बॅटरी घातली, तरी काल रात्री खंबाटकीच्या अलीकडे गाडी बंद पडली. आई बरोबर होती." आधी दिवे मंदावले, मग इंजिन गप्प. गॅरेजवाल्याने दोन्ही वेळा बॉनेट उघडून एकच वाक्य म्हटलं होतं, "साहेब, बॅटरी गेली." मोजलं काहीच नव्हतं!

मंडळी, बॅटरीचं मुख्य काम स्टार्टर फिरवणं. एक-दोन सेकंद, पण दीडशे-दोनशे अँपिअर! एकदा इंजिन सुरू झालं की पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर सगळी गाडी पोसतो आणि बॅटरीही भरतो. तो झोपला की नवी कोरी बॅटरीसुद्धा रिकामी होणारच. डॅशबोर्डवरचा बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा बहुधा हेच सांगत असतो: चार्जिंग होत नाहीये. आपण त्याचा अर्थ ‘बॅटरी बदला’ असा लावतो.

बॅटऱ्या मरतात, मान्य. थंडीपेक्षा उन्हाने जास्त झिजतात. पण वर्षात दोन?

पाचशे रुपयांच्या आत साधा मल्टिमीटर मिळतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसले तर ती भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. भरलेली असूनही स्टार्टर मारताना 9.6 च्या खाली कोसळली, तर दोष बहुधा तिचाच. इंजिन सुरू असताना 13.5 ते 14.5 हवेत. काही नव्या गाड्यांत संगणक हा आकडा मुद्दाम खाली-वर करतो, म्हणून हेडलाइट लावून मोजा.

भावाच्या गाडीत इंजिन सुरू असताना 12.1! अल्टरनेटरचे कार्बन ब्रश झिजले होते. दुरुस्तीला एका बॅटरीपेक्षा कमी पैसे लागले.

"आता मेकॅनिकला आपण शिकवायचं का?" असं भाऊ म्हणालाच. शिकवू नका, फक्त विचारा: "किती व्होल्ट आले?" रक्त न तपासता मधुमेहाच्या गोळ्या देणारा डॉक्टर आपल्याला चालेल का?

मी तरी हे कुठे शिकलो? चार वर्षं इंजिनिअरिंग करून नाही. इथे मिशिगनमध्ये उणे अठराच्या थंडीत गाडी अडली आणि गॅरेजची मजुरी परवडेना, तेव्हा. म्हणजे हुशारी नव्हे, कंजुषी!

असो. पुढची बॅटरी घेण्याआधी आकडा मागा. तो सांगत नसेल, तर गॅरेज बदला, बॅटरी नको.